तांब्याची पट्टी आणि दोन डबे हलवा

पारमेडू,
१९ एप्रिल १९९९

रेजी बाळा,

मी राहेलम्मा. तुझ्या आईची आई. आठवते का? बुटकी, तोंडाळ, कानात सोन्याच्या जड कड्या. सहा वर्षांचा होतास तेव्हापासून मिसरूड फुटेपर्यंत जिच्या ताटातला मासा पळवलास, ती. विसराळू माणसाला आधी ओळख करून द्यावी लागते, म्हणून एवढं सांगितलं. मस्कतच्या उन्हात माणसाच्या डोक्यातलं बरंच काही वाळून जातं म्हणतात. तुझ्या डोक्यात आजी सगळ्यात आधी वाळलेली दिसते.

फोन का केला नाहीस, हे विचारत नाही. केला असतास तरी वाजला नसता. ईस्टरनंतरच्या आठवड्यात डोंगरामागून ढग वर आला, वीज मागच्या फणसापलीकडे कुठेतरी पडली, आणि फोनमधून धूर निघाला. मेलेल्या फोनचा वास कसा येतो तुला ठाऊक आहे का? जळक्या नखासारखा. म्हणून हे पत्र. मी बोलते आहे आणि तुझी लिसीमामी लिहिते आहे. तिचं अक्षर चांगलं आहे. तिच्यात चांगलं म्हणावं असं तेवढंच आहे. (रेजी, हेही लिहायला लावलंय. — लिसी.)

फोनचं मला दुःख नाही. फोनवर सगळे फक्त खोकतात आणि ‘बरं आहे’ म्हणतात. दुःख लिसीच्या पेटीचं आहे. लाव्याची अंडी उबवायची ती विजेची पेटी, जी तिने बायकांच्या भिशीतून घेतली, तीही त्याच झटक्यात गेली. आतली ऊब राखणारा जो भाग असतो, मी त्याला मेंदू म्हणते, तो काळा ठिक्कर पडला. पिल्लं अंड्याच्या आत चोच मारायला लागली होती. कान लावला की ऐकू यायचं. मग ऐकू येईना.

तुला आठवत असेल, ढग दिसला की या डोंगरावर एकच कवायत. घरोघर आरोळी उठते, बायका पदर खोचून धावतात, टीव्हीचा प्लग उपट, फ्रिजचा उपट, अँटेनाची तार काढून खिडकीबाहेर फेक. पण पेटीचा प्लग कसा उपटायचा? आत जीव वाढतोय. आणि पावसाळा सरता सरता, ऑक्टोबर-नोव्हेंबरातल्या तुलाम महिन्यात तर रोज दुपारी गडगडाट असतो. महिनाभर रोज प्लग उपटत बसलं तर अंडी उबवायची नाहीत, उकडून खायची.

मेंदू जळायची ही दुसरी खेप. लिसी म्हणते, अजून एकदा जळला की हात जोडले. तेवढंच निमित्त घरातल्या पुरुषांना हवं आहे. खालच्या गावातला एक जीपवाला माणूस डोंगर विकत मागतोय, पाहुण्यांसाठी बंगले बांधणार म्हणे. तुझे दोन्ही मामा म्हणतात, हा डोंगर विजेनेच खायला घेतलाय, द्यावा आणि खाली बाजारात भाड्याने राहावं. तुझा आजा आणि मी हे रान तोडून इथे कप्पाचे पहिले कंद लावले तेव्हा खाली बाजार होता कुठे? मला खाली न्यायचं असेल तर आडवी न्यावी लागेल, हे मी दोघांना सांगून ठेवलंय.

तू तिकडे उंच उंच मनोऱ्यांच्या तारा बांधतोस ना? मग तुझ्या विद्येचा आजीला काही उपयोग आहे का, का ती फक्त अरबांसाठी?

येणाऱ्या माणसाबरोबर मस्कतचा हलवा पाठव. दोन डबे. एक मोठा नको, दोन वेगवेगळे. का ते विचारू नकोस.

तुझी,
राहेलम्मा (अंगठा)

*

मस्कत,
८ मे

अम्मची,

पत्र वाचून खोलीतल्या तिघांना वाचून दाखवलं. त्यातला एक बंगाली आहे. त्याला एक अक्षर कळलं नाही, पण तो सगळ्यात जास्त हसला. म्हणतो, तुझी आजी भांडते ती सुरात भांडते.

मी विसरलो नाही. कड्याही आठवतात. त्या धरून ओढल्यावर बसलेली थप्पडही आठवते.

आता पेटीचं. वीज प्रत्येक वेळी घरावरच पडते असं नाही. जवळ कुठे पडली तरी तिचा लोंढा तारांमधून घरात शिरतो. त्याला एकच गोष्ट हवी असते, जमीन. जमिनीत जायला सरळ, रुंद वाट असली तर तो गुपचूप निघून जातो. वाट नसली तर जे मध्ये येईल त्यातून फोडून जातो, फोनमधून, पेटीच्या मेंदूमधून. म्हणून मीटरच्या फळीवरून एक तार जमिनीतल्या खड्ड्यात सोडलेली असते. तिला आपल्याकडे अर्थिंग म्हणतात. आपल्या डोंगरात हातभर मातीखाली खडक आहे, त्यामुळे जुना खड्डा कधीच कोरडा पडला असणार. विजेला वाट आहे, पण ती बंद दारापर्यंतच.

पैलीमामाला सांग, मीटरजवळ नवा खड्डा खणायचा. पहारीने खडक फोडून पुरुषभर खोल. मध्ये लोखंडी नळा उभा करायचा, सभोवती कोळसा आणि मीठ, थरावर थर. वरून माती. उन्हाळ्यात रोज बादलीभर पाणी ओतायचं, म्हणजे खड्डा ओला राहील. मग त्या नळ्याला जाड तार घट्ट आवळायची. आणि हे सगळं सकाळी, आभाळ स्वच्छ असताना, मेन बंद करून. ढग दिसला की हत्यार टाकून घरात.

हलवा आपल्या गावच्या थॉमाचेटनबरोबर पाठवलाय. दोन डबे. एवढ्या माणसांना एक मोठा पुरला नसता का? बरं, विचारत नाही.

पण एक विचारतो. लिहिलंयस ‘दोन्ही मामा म्हणतात’. मत्तायीमामा आणि पैलीमामा कशावर तरी एकमत झाले? मी असताना दोघांचं एकमत फक्त फुटबॉलमध्ये व्हायचं, तेही हरल्यावर.

तुझा,
रेजी

*

पारमेडू,
७ जून

विद्वान रेजीमहाराज,

खड्डा खणला. पैलीची पाठ गेली, पहारीचं टोक वाकलं, त्याच्या लिसीने कोळसा डोक्यावरून वाहिला. मीठ घातलं तेव्हा शेजारची मरियाकुट्टी कुंपणावरून बघत होती. म्हणाली, “राहेलम्मे, मासा पुरलास की काय?” मी म्हटलं, “हो, मोठा मासा आहे, आभाळातून यायचाय.” ती छातीवर क्रूसाची खूण करत निघून गेली. रोज संध्याकाळी प्रार्थनेआधी मी स्वतः त्या खड्ड्याला पाणी पाजते. माझ्या पोटच्या पोरांना मी इतक्या नेमाने दूध पाजलं नव्हतं.

आणि काय झालं ते ऐक. मे संपता संपता पुन्हा गडगडाट. वीज चर्चच्या टेकडीवर पडली, आपल्या घरापासून लांब. आणि तरी नवा बसवलेला मेंदू जळला! मागच्या खेपेला काळा झाला होता, या खेपेला फुटला. बेल उडाली, त्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवर हातभर काळा पट्टा उमटला, आणि तिकडचा मत्तायीचा टीव्ही गेला. त्याची शोशाम्मा तर अशी ओरडली की वीज तिच्यावरच पडलीय असं मला वाटलं. दुर्दैवाने नव्हती. (अम्मचीच्या तोंडचं आहे. मी फक्त लिहिते. — लिसी.)

तुझ्या विद्येचा हा उजेड! खड्डा नव्हता तेव्हा काळं झालं, खड्डा झाला तेव्हा फुटलं. अजून एक खड्डा खणलास तर डोंगरच उडेल.

लिसी चार दिवस पेटीवर गोणपाट टाकून फिरली. मग भिशीच्या बायकांनी मिळून नवा मेंदू आणला. पण ती म्हणते, हा शेवटचा. जूनचा मोठा पाऊस आता सुरू झाला, त्यात वीज फारशी नसते. खरी परीक्षा तुलामात. तुलामात हा मेंदू जगला तर घर राहील. नाही जगला तर जीपवाला कागद घेऊन येणार आहे, आणि तुझे मामा सही करणार आहेत. तेवढ्यात तुझ्या हातून काही झालं तर बघ. नाही तर मला भाड्याच्या खोलीच्या पत्त्यावर पत्र लिहावं लागेल तुला.

हलवा पोहोचला. चांगला होता. एक डबा जरा लहान होता, त्यावरून बोलणी बसली. पुढच्या वेळी डबे मोजून एकसारखे पाठव.

राहेलम्मा (अंगठा)

*

मस्कत,
३० जून

अम्मची,

मी हे पत्र दहा वेळा वाचलं आणि त्यात मला चार शब्द सापडले.

‘त्या स्वयंपाकघरातल्या’. मी वाढलो त्या घरात स्वयंपाकघर एकच होतं, फणसाकडे खिडकी असलेलं.

‘तिकडचा’. एका घरात तिकडे कुठे असतं?

‘मत्तायीचा टीव्ही’. टीव्ही घराचा होता. मधल्या खोलीत. त्यावर आजोबांचा फोटो होता.

आणि ‘बोलणी’. डबा लहान निघाला म्हणून बोलणी कोणाची कोणाला?

अम्मची, घरात भिंत घातलीय का?

घातली असेल तर तुझ्या पेटीचं सगळं कोडं मला कळलं. म्हणजे दोन मीटर असतील. दोन फळ्या, दोन खड्डे. मी सांगितलेला खड्डा एका बाजूला झाला. चांगला झाला, म्हणूनच वाईट झालं. दुसऱ्या बाजूला जुनाच, कोरडा.

वीज डोंगरावर पडते तेव्हा क्षणभर जमिनीलाच पूर येतो, असं समज. पण पूर सगळीकडे सारखा चढत नाही. तू लहानपणी खाली कुट्टनाडला बापाच्या घरी होड्या बघितल्यास ना? दोन होड्या शेजारी बांधल्यात. पाणी चढलं, एक होडी वर गेली, दुसरी चिखलात अडकून खालीच राहिली. दोघींमध्ये एक दोरा बांधलेला असेल तर काय होईल? दोरा तुटेल. होड्या शाबूत, दोरा तुटला.

आता मला सांग, भिंतीच्या दोन बाजूंमध्ये अशी कोणती तार आहे? एक बारीक तार तरी असणारच. ‘बेल उडाली’ म्हणालीस. ती बेल कसली? कोणी लावली?

तू मला खरं सांगितल्याशिवाय मी इथून काहीच सांगू शकत नाही. मी इथे मनोऱ्याच्या पायथ्याशी आधी काय करतो माहीत आहे? आजूबाजूचं प्रत्येक लोखंड शोधतो, कुंपण, पाण्याची टाकी, पहारेकऱ्याची झोपडी, आणि सगळ्यांना एका जाड तांब्याने बांधतो. म्हणजे पूर आला तरी सगळे एकदम वर, सगळे एकदम खाली. कोणाला कोणावर राग काढायला जागाच राहत नाही.

तुझा,
रेजी

*

पारमेडू,
१२ ऑगस्ट

रेजी,

हुशार झालास. तुझ्या आईवर गेलास. तिच्यापासूनही काही लपवता यायचं नाही.

हो, भिंत आहे. दोन वर्षं झाली. तू दूर एकटा, म्हणून मी म्हटलं, पोराला कशाला. शिवाय भिंतीबद्दल लिहायला लागलं तर ती लिसीच्या हाताने लिहावी लागणार, आणि तिच्या हातून तिची बाजूच खरी ठरणार. (खरीच आहे. — लिसी.) बघितलंस?

भांडण काय होतं? ऐकून हसशील. मागच्या उतारावर तुझ्या आज्याने लावलेले मिऱ्याचे वेल होते. मत्तायी परगावी एका लग्नाला गेला होता तेव्हा पैलीने ते उपटले आणि रबर लावलं. मत्तायी परत आला, उतार बघितला. दुसऱ्या दिवशी चिरे आणायला ट्रक सांगितला. ओसरीपासून थेट मागच्या फणसापर्यंत भिंत. मधल्या खोलीचे दोन तुकडे. आज्याचा फोटो कोणाकडे, यावर पाद्रीबाबांना यावं लागलं. फोटो आता चर्चच्या कपाटात आहे. बिचारा आजा.

माझीही वाटणी झाली. एक महिना इकडे, एक महिना तिकडे. पहिल्या तारखेला मी माझी उशी, माळ आणि पानाची पेटी घेऊन ओसरीवरून खाली उतरते, अंगणातून फिरून दुसऱ्या पायऱ्या चढते. मी चालती-फिरती वहिवाट आहे.

आता बेल. लिसी पहाटे रबराचा चीक काढायला जाते. पेटीची ऊब कमी झाली तर कळणार कोणाला? मी म्हटलं, मी जागीच असते. पेटीला एक बेल लावून घेतली. पण मी तर दर दुसऱ्या महिन्याला भिंतीपलीकडे. म्हणून दोघे बाहेर असताना मी गवंड्याला बोलावून भिंतीत बोटभर भोक पाडून घेतलं आणि एक तार तिकडच्या स्वयंपाकघरात ओढली. शोशाम्माला म्हटलं, माझी औषधाची बेल आहे. तिने विचारलं नाही. पण तिला सगळं कळलं असणार, कारण बेल वाजली की ‘पिल्लांचं बघून येऊ का’ असं तीच मला विचारते.

म्हणजे तुझा तो तुटणारा दोरा मीच लावला. तो एकटाच सगळं सोसत होता म्हणतोस. सोसेल नाही तर काय करील? मलाही दोन्हीकडचं एकटीनेच ऐकावं लागतं, माझा मेंदू अजून फुटला नाही एवढंच.

आता उपाय सांग. पण लक्षात ठेव, तुझे मामा दोन वर्षांत एकमेकांना ‘पाऊस आला’ एवढंही म्हणालेले नाहीत. विकायच्या गोष्टीत एकमत झालं तेही जीपवाल्याच्या तोंडून.

राहेलम्मा (अंगठा)

*

मस्कत,
१० सप्टेंबर

अम्मची,

थॉमाचेटन पुन्हा गावी येतोय, त्याच्याबरोबर एक जड पिशवी पाठवतोय. त्यात तांब्याची एक लांब पट्टी गुंडाळी करून ठेवलीय. एकच अखंड. ती तोडायची नाही. ती दोन्ही खड्ड्यांच्या नळ्यांना जोडायची, भिंतीखालून, जमिनीत कोपरभर खोल. पट्टी आवळायचे पितळी चिमटे वेगळ्या पुडीत आहेत. आणि दोन पांढऱ्या डब्या. एकेक डबी एकेका मीटरच्या फळीवर बसवायची, बाजारातल्या वायरमनकडून, त्याने चिठ्ठी वाचूनच. डबीला बारीक खिडकी आहे, ती हिरवी दिसली पाहिजे. तारेतून लोंढा आला की डबी त्याला पट्टीकडे ढकलते. आधी मेंदूकडे जाऊ देत नाही.

तुझी बेलची तार राहू दे. दोन्ही बाजू तांब्याने बांधल्या की तिच्यावर ताण येणार नाही. बारीक तारेला फक्त बेल वाजवायचं काम राहील.

दोन्ही मामा लागतील. दोन्ही मेन एकाच वेळी बंद करावी लागतील, दोन्हीकडून खणावं लागेल. हे मला इथून करता येत नाही. ते तूच कर.

आणि नीट ऐक. फणसावरच वीज पडली तर काही जळणारच नाही अशी हमी कोणी देऊ शकत नाही. पण तग धरेल. टीव्ही आणि फोनचे प्लग उपटायचे ते उपटाच. आणि ढग आल्यावर उघड्यावर कोणीही बसायचं नाही. तूसुद्धा. विशेषतः तू.

हलव्याचे दोन डबे पाठवलेत, तराजूवर तोलून.

तुझा,
रेजी

*

पारमेडू,
१४ नोव्हेंबर

अरे रेजी,

नव्या फोनवर मी तुला फक्त ‘जिंकलो’ म्हटलं, कारण तू मिनिटांचा हिशेब करत होतास आणि मला घाईत अभिमान सांगता येत नाही. आता बस, पंखा लाव, त्या बंगाल्यालाही बोलाव.

पिशवी आली तेव्हा मी पहिलं काम केलं ते हे: पट्टी मत्तायीला दिली, चिमटे पैलीला दिले. डब्या माझ्या उशीखाली. मत्तायीला म्हटलं, “रेजीने तुझ्यासाठी तांबं पाठवलंय.” पैलीला म्हटलं, “तुझ्यासाठी पितळ.” मत्तायीने पट्टी उलगडली, बघितली, परत गुंडाळली. म्हणाला, “हिचं दुसरं टोक कुठे लावायचं?” मी म्हटलं, “मला काय कळतं, मी अडाणी बाई. चिमटे असलेल्या माणसाला विचार.” पैलीनेही विचारलं, चिमट्याने काय आवळू? मी म्हटलं, “जे तुझ्याकडे नाही ते.”

दोघे बसले आपापल्या पायऱ्यांवर, एकाच्या मांडीवर पट्टी, एकाच्या मांडीवर चिमटे. मधे भिंत. तुलाम लागला. रोज दुपारी मेघ वर यायचा, रोज लिसी पेटीसमोर गुडघे टेकायची, रोज थोडक्यात निभावायचं. अंडी भरलेली होती, नव्या मेंदूवर. जीपवाला येऊन बघून गेला. फणस मोजला, विहीर मोजली, माझ्याकडे बघून ओशाळं हसला, बहुतेक मलाही मोजायचं होतं.

पहिली तारीख आली. माझं घर बदलायचा दिवस. उशी घेतली, माळ घेतली, पानाची पेटी घेतली, पैलीच्या पायऱ्या उतरले आणि तिथेच थांबले. भिंत ओसरीच्या काठाशी संपते ना, तिच्या टोकाशी अंगणात खाट टाकायला लावली. अर्धी इकडे, अर्धी तिकडे. आणि बसले.

शोशाम्मा आली. “अम्मची, आत या, तुमचा आमच्याकडचा महिना आहे.”

“माझा आता कोणाकडचाच महिना नाही.”

लिसी आली. “अम्मची, लोक बघतायत.”

“बघू दे. फुकट आहे.”

दोन्ही सुनांनी दोन्हीकडून जेवण आणलं. एकीने कप्पा आणि लाल रस्सा, एकीने भात आणि सुका मासा. मी दोन्ही खाल्लं. उपोषण करते असं मी कुठे म्हटलं होतं?

मग दोन वाजता ढग आला. तुला माहीत आहे तो ढग, जांभळा, खालून सपाट, वरून फुलकोबीसारखा. मरियाकुट्टीकडून आरोळी आली, प्लग उपटा! मी बसलेलीच. तू लिहिलं होतंस, उघड्यावर बसू नको. म्हणूनच बसले. ते वाक्य लिसीने मला दोनदा वाचून दाखवलं होतं आणि मला ते फार उपयोगी वाटलं.

दोघे भाऊ एकदम धावत आले. मत्तायीने डोक्याकडून खाट उचलली, पैलीने पायाकडून. मी वर आडवी, मेलेल्यासारखी, पण डोळे उघडे. मत्तायीने आपल्या पायऱ्यांकडे ओढलं, पैलीने आपल्या. खाट भिंतीला आपटली. परत ओढलं, परत आपटली.

“सोड!” पैली ओरडला.

“तू सोड!” मत्तायी ओरडला.

रेजी, दोन वर्षांतले हे त्यांचे एकमेकांशी पहिले शब्द. फार सुंदर नव्हते, पण माझ्या कानाला किती गोड लागले म्हणून सांगू! आभाळ कडाडलं. मी म्हटलं, “मला मधोमध न्या.”

“मध्ये भिंत आहे, अम्मची!”

“मग ती कोणाची चूक आहे? माझी?”

थेंब पडायला लागले, टपोरे. मत्तायी एकदम थांबला. पैलीकडे बघितलं. म्हणाला, “हिला तुझ्याकडेच घे. लवकर घे.” आणि खाटेसकट मला पैलीच्या ओसरीत ढकलून स्वतःही वर चढला. दोन वर्षांनी त्या पायऱ्यांवर त्याचे पाय. ओले, चिखलाचे. लिसी पुसायला धावली तर मी तिचा हात धरला.

पाऊस थांबेपर्यंत तिघे एका ओसरीत. शेवटी मत्तायी भिंतीकडे बघत म्हणाला, “पट्टी माझ्याकडे आहे.”

“चिमटे माझ्याकडे आहेत,” पैली म्हणाला.

“माहीत आहे. म्हातारीने सांगितलं.”

“मलाही सांगितलं.”

आणि दोघांनी माझ्याकडे असं बघितलं, लहानपणी गूळ सापडल्यावर बघायचे तसं. मी माळ जपत होते.

दुसऱ्या सकाळी आभाळ धुतलेल्या ताटासारखं. दोन्ही मेन बंद केली. मत्तायीने त्याच्या बाजूने चर खणायला घेतला, पैलीने त्याच्या बाजूने, मध्ये भिंतीचा पाया. दुपारच्या आत दोघे भिंतीखाली पोहोचले आणि काय? चर चुकले! एक इथे निघाला, एक हातभर पलीकडे. मग जे भांडण झालं म्हणतोस! कोणाची रेघ वाकडी, कोणाचा डोळा तिरळा, पाचवीत गणितात कोणाला भोपळा, मिऱ्याचे वेल, रबर, सगळं निघालं. दोन वर्षांचं तुंबलेलं. मी कोणालाच गप्प केलं नाही. ओरडून ओरडून दम लागला तेव्हा पैली भिंतीला टेकून थोरल्या भावाला म्हणाला, “चेट्टा, वेल मी विचारून उपटायला हवे होते.” मत्तायीने पहार उचलली. मला वाटलं, डोकं फोडतो. त्याने भिंतीचा खालचा चिरा फोडला. मग दुसरा. चर जोडायचे तर भिंत खालून उघडायलाच हवी होती म्हणे. दोन चिरे पुरले असते. त्याने पाच काढले, भिंतीला चांगलं हातभर भोक पडलं.

पट्टी बसली. चिमटे आवळले. वायरमन डब्या बसवून गेला. दोन्ही खिडक्या हिरव्या. आता दोन्ही खड्ड्यांना मी पाणी पाजते, नाही तर एक रुसेल.

मग तुलाम संपता संपता ती आली. रेजी, ती आवाज करून आली नाही, आधी उजेड आला. आणि आवाज आला तेव्हा घर हललं. मागच्या फणसावर. थेट. शेंड्यापासून बुंध्यापर्यंत साल सोललेली, जणू कोणी केळं सोललं. आम्ही सगळे लिसीच्या खोलीत पेटीभोवती, शोशाम्मासुद्धा. दिवा डोळे मिटल्यासारखा मिचमिचला. अंधार झाला. लिसीने माझा दंड असा धरला की अजून निळा आहे. आणि दिवा परत लागला. पेटीचा लाल ठिपका जागेवर. मेंदू जिवंत! बेलची तार जिवंत!

चर्चचा लाउडस्पीकर गेला. मरियाकुट्टीचा टीव्ही गेला, फ्रिज गेला. उतारावरच्या घराघरातून जळक्या नखाचा वास. आपल्या घरात काय गेलं? मत्तायीच्या फळीवरच्या डबीची हिरवी खिडकी लाल झाली. वायरमन म्हणाला, लोंढा तिने अंगावर घेतला. मत्तायीने ती डबी काढून पुसून कपाटात ठेवली आहे, लढाईत गेलेल्या शिपायासारखी. दुसरी पाठव.

तिसऱ्या दिवशी अंडी वाजायला लागली. आधी एक चोच, मग एकदम सगळीकडून. अंगठ्याएवढी पिल्लं, ओली, रागीट, जन्मल्या जन्मल्या भांडणारी. आपल्या घरातलीच शोभली. त्यातली काही भिंतीच्या भोकातून शोशाम्माच्या स्वयंपाकघरात गेली. ती म्हणते परत दिली. लिसी म्हणते सगळी नाही. पण हे भांडण भोकातूनच चालतं, आणि मधेच भोकातून रश्शाची वाटीही जाते, म्हणून मी मध्ये पडत नाही.

जीपवाला कागद घेऊन आला. मत्तायी आणि पैली दोघे अंगणात उभे. मत्तायी म्हणाला, “विकत काय हवंय तुम्हाला? लाव्याची पिल्लं आहेत.” तो म्हणाला, “डोंगराचं काय ठरलं? इथे वीज पडते ना?” पैली म्हणाला, “पडते. बरं झालं आठवण केलीत. जाताना वरच्या वळणावर थांबू नका.” अरे, जीप एवढ्या वेगाने कधी उतरली नव्हती. त्याच्या बायकोला द्यायला मी चार अंडी दिली होती, ती फुटली असणार.

त्या संध्याकाळी पाद्रीबाबा आज्याचा फोटो घेऊन आले. विचारलं, कोणत्या बाजूला लावू? मी म्हटलं, भोकाच्या आतच, वरून टांगून. मधोमध. दोन्हीकडून अर्धा अर्धा दिसेल. लावताना मत्तायी म्हणाला, अर्धा बाप बरा दिसत नाही. उद्या अजून चार चिरे काढतो.

पैली उतारावर मिऱ्याची चार रोपं लावून आलाय. रबराच्या झाडांवरच चढवतोय. कोणाला सांगू नकोस, तो चोरून करतोय आणि मत्तायी चोरून बघतोय.

आणि माझी पहिल्या तारखेची यात्रा बंद. खाट भोकापाशी आहे. दोन्हीकडचं ऐकू येतं, बेलची गरजच नाही. पण ती काढली नाही. रात्री कधी वाजली की दोन्हीकडून दिवे लागतात.

तर, हलव्याचं. केशराचा पाठव, बदाम कमी, कारण माझे दात कमी. तुपाचा वरचा थर काढायला सांगू नकोस, तोच खायचा असतो. आणि या वेळी तराजू नको, तोलणं नको, दोन डबे नकोत. एकच पाठव. मोठा. इतका मोठा की उचलायला दोघे लागतील.

राहेलम्मा (अंगठा)